रांजीपासून रीमपर्यंत

मी छपाईच्या धंद्यातला माणूस. रीम उघडून कागदाचा कोपरा अंगठ्यात धरला की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचं वजन, साधारण सांगता येतं, ओल धरलेला गठ्ठा वासावरून कळतो. तरी कागद मुळात होतो कसा, हे मी सलग ऐकलं ते गेल्या मे महिन्यात, चंद्रपूरला, एका ओळखीच्या घरी. घरातले वडील एका पेपर मिलच्या पल्प विभागात चौतीस वर्षं होते, त्यातली निम्मी डायजेस्टरवर. थोरली लेक गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभांबरोबर काम करते. बांबूची तोड, मोजणी, विक्री, मजुरी यांचे हिशेब तिच्याकडे असतात. बांबू एक, आणि घरात त्याची दोन टोकं. या विषयावर दोघांचं कधी जमलेलं नाही. त्या दुपारी कूलरसमोर बसून ते तीन तास बोलले आणि मी मधे बसून लिहून घेतलं. नावं देत नाही, बाबा आणि लेक एवढंच पुरे.

निमित्त झालं नातीच्या नव्या वहीचं. बाबांनी ती उचलली आणि एक पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं.

बाबा : इकडे ये, हे पाहा. पानातून उजेड येऊ दे. आत ढग दिसतात ना? ढग बारीक आणि सगळीकडे सारखे असले म्हणजे लगदा चाळणीवर नीट पसरला. मोठे गठ्ठे दिसले असते तर मशीनवाल्यांचं लक्ष नव्हतं असं म्हटलं असतं. हा कागद चांगला आहे.

लेक : तुम्हाला पान दिसतं, बाबा. मला रांजी दिसते, बांबूचं बेट.

बाबा : दिसू दे. पण रांजीतल्या बांबूचं पान कसं होतं, हे तुझ्या सभेत किती जणांना माहीत आहे?

लेक : कोणालाच नाही. मलाही अर्धंमुर्धं. बांबू ट्रकात चढला की आमचा संबंध संपतो.

बाबा : मग आधी ते ऐक, भांडण नंतर. लाकूड घे की बांबू घे, आतून रचना तीच. लांबट, पोकळ तंतू, एकमेकांना घट्ट चिकटलेले. तंतू सेल्युलोजचे, आणि त्यांना जोडून धरणारा पदार्थ लिग्निन. कोरड्या लाकडात शेकडा ४० ते ५० भाग सेल्युलोज, २० ते ३० भाग लिग्निन, उरलेल्यात मुख्यतः हेमिसेल्युलोज. झाड वाऱ्यात ताठ उभं राहतं ते लिग्निनच्या जोरावर, आणि आम्हाला नेमकं तेच नको असतं. तंतू न तोडता लिग्निन सोडवायचं, ही आमची सगळी नोकरी.

लेक : किती लांब असतो तंतू?

बाबा : पाइनचा तीन मिलिमीटर. निलगिरीचा जेमतेम एक. आपला बांबू मधला, दीड ते अडीच. म्हणून तर देशातल्या गिरण्या बांबूवर उभ्या राहिल्या. थंड देशांत पाइनची जंगलं मैलोन्‌मैल. आपल्याकडे ती हिमालयात, उतरवून आणायची कशी? खाली मैदानात लांब तंतू द्यायला बांबूच होता. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रैट यांनी बांबू शिजवायची रीत बसवली, आणि १९२५ साली इंग्रज सरकारने बांबूच्या कागदाला परदेशी मालापासून संरक्षण देणारा कायदा केला. त्यानंतरच्या गिरण्या त्या वाटेने आल्या.

लिग्निन काढलंच नाही तर काय होतं, असं मी मधेच विचारलं. बाबा उठले आणि ऊन अडवायला खिडकीच्या काचेवर लावलेलं वर्तमानपत्र काढून घेऊन आले. उघडा भाग चहाच्या रंगाचा झाला होता. घडीच्या आतला पट्टा अजून पांढरट होता, आणि दोन्हींच्या मधे पट्टीने आखावी तशी रेघ.

बाबा : हे लिग्निन. ऊन-हवा लागली की पिवळं पडतं. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर नावाच्या विणकराने ओल्या दगडावर लाकूड घासून लगदा केला. शिजवणं नाही, रसायन नाही. शंभर किलो लाकडातून नव्वदच्या वर लगदा. जगातली स्वस्त वर्तमानपत्रं त्यावर निघाली. आपल्याकडे नेपानगर, बुऱ्हाणपूरजवळ. देशातला वर्तमानपत्राच्या कागदाचा तो पहिला कारखाना, १९५६ साली नेहरूंनी देशाला अर्पण केला. तिथे सालई दळायचे. आपल्या जंगलातली, डिंकाची सालई.

लेक : म्हणजे दळलं तर लाकूड कमी लागतं, पण कागद टिकत नाही.

बाबा : आणि शिजवलं तर कागद टिकतो, पण लाकूड दुप्पट लागतं. शंभर किलोतून हाती येतात पंचेचाळीस-पन्नास. थोडं शिजवायचं, थोडं दळायचं अशा मधल्या रीतीही आहेत. पण या वहीचा कागद शिजवलेला आहे.

यापुढचं बाबा खुर्ची पुढे ओढून बोलले. ते मी जवळपास त्यांच्याच शब्दांत देतो.

बाबा : बांबू आला की आधी चिपरमधे. तुकडा केवढा? आगपेटीच्या काडीच्या निम्मा लांब, तीन-चार मिलिमीटर जाड. लांबी थोडी इकडे-तिकडे चालते, जाडी चालत नाही. जाड तुकड्यात रस आतपर्यंत पोचत नाही, बाहेरून शिजतो आणि आत लाकूडच राहतं, मोठ्या फोडींच्या बटाट्यासारखं. गाठीचा तुकडा सगळ्यात हट्टी. मग डायजेस्टर. घराएवढा कुकर समज. वरून तुकडे भरायचे, त्यावर व्हाइट लिकर, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडचं पाणी. झाकण लावायचं, वाफ सोडायची, १६५ ते १७० डिग्रीपर्यंत न्यायचं आणि तिथे धरून ठेवायचं. कमी शिजलं तर लगद्यात काड्या राहतात. जास्त शिजलं तर लिग्निननंतर सेल्युलोजही तुटायला लागतं आणि कागद कमजोर होतो. किती लिग्निन उरलं ते सांगायला लॅबमधे कप्पा नंबर काढतात. पण आमचे जुने फोरमन धुतलेला लगदा तळहातावर घ्यायचे, पाण्याचे दोन थेंब सोडून अंगठ्याने पसरायचे आणि सांगायचे, पंधरा मिनिटं कमी पडली. लॅबचा आकडा यायचा तो तसाच. दहा वर्षांनी मलाही जमायला लागलं.

लेक : आणि ब्लो?

बाबा : ब्लो म्हणजे शिजलेला माल दाबासकट एकदम ब्लो टँकमधे सोडायचा. बाहेर दाब नसतो, त्यामुळे तुकड्याच्या आतलं पाणी वाफ होऊन फुटतं आणि तुकड्याचे सुटे तंतू होतात. आत बांबू गेला होता, बाहेर ओल्या काथ्यासारखा तपकिरी लगदा. रात्रपाळीला ब्लो झाला की सगळ्या कॉलनीला कळायचं.

लेक : आवाजाने आणि वासाने. कुजलेल्या कोबीचा वास. शाळेत नवीन आलेल्या मुली नाक धरायच्या, आम्हाला मात्र काही जाणवायचंच नाही.

बाबा : गंधकाचा वास तो. नुसत्या कॉस्टिकने शिजवलं तर वेळ जास्त लागतो आणि तंतूला जास्त मार बसतो. सल्फाइडने लिग्निन लवकर सुटतं. कार्ल डाल यांनी १८७९ साली डान्झिगला ही रीत काढली. कागद इतका चिवट निघाला की रीतीचं नावच क्राफ्ट पडलं, म्हणजे ताकद. आज जगात लगदा शिजवायची मुख्य रीत हीच आहे. आणि त्याचं कारण एकटी ताकद नाही. आता ऐक माझ्या अभिमानाची गोष्ट.

लेक : रिकव्हरी.

बाबा : हो, रिकव्हरी. लगदा धुतला की काळं पाणी उरतं, ब्लॅक लिकर. बांबूचा जो निम्मा भाग कागदात येत नाही तो सगळा यात असतो. नदीत सोडलं असतं तर नदी राहिली नसती. ते आटवायचं. शंभरात पंधरा भाग घन असतो, तो पासष्ट-सत्तरपर्यंत न्यायचा. काकवीसारखं होतं. मग भट्टीत फवारून जाळायचं. लिग्निन जळतं, त्याची वाफ, त्या वाफेवर वीज. तळाशी सोडा आणि सल्फाइड वितळून लालभडक वाहतात. त्यावर चुकून पाणी पडलं तर भट्टी फुटते, इतकं ते काम जपून करायचं. तो रस पाण्यात विरघळवला की ग्रीन लिकर. त्यात कळीचा चुना टाकला की परत कॉस्टिक. खाली बसतो तो चुन्याचा चिखल, तो भाजला की परत चुना. सोडा परत, गंधक परत, चुना परत. दुसऱ्या दिवशी त्याच रसात नवा बांबू शिजतो.

लेक : चुना परत येतो?

बाबा : येतो.

लेक : मग मिलच्या मागे पांढऱ्या टेकड्या कसल्या होत्या? आम्ही पोरं सुट्टीत त्यावरून घसरायचो.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला.

बाबा : तो चुन्याचाच चिखल. सांगतो. बांबू हा गवताच्या जातीचा. गवताचं पातं बोट कापतं ते त्यातल्या सिलिकामुळे. लाकडात तो नसल्यासारखा, बांबूत बराच. शिजवताना तो रसात उतरतो आणि रसाबरोबर सगळीकडे फिरतो. आटवायच्या नळ्यांत थर धरतो, आणि चुन्यात जाऊन बसतो. चुना एकदा भाजला, दोनदा भाजला, दर वेळी सिलिका वाढलेला. शेवटी तो चुना कामाचा राहत नाही. पाइनवाल्या देशांत चुना फिरत राहतो, आपल्या बांबूत तो अडकतो. म्हणून चिखल बाहेर टाकायचा आणि नवा चुना आणायचा.

लेक : म्हणजे चक्र पुरं नव्हतं.

बाबा : सोड्याचं पुरं होतं. चुन्याचं नव्हतं. बरोबर आहे तुझं.

चौतीस वर्षं ज्या चक्राजवळ काढली त्यातली फट या माणसाने लेकीसमोर आणि एका पाहुण्यासमोर सरळ मान्य केली. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो त्या वाक्यापासून वाढला. लेकीनेही तिथे विजय साजरा केला नाही. तिला वेगळंच विचारायचं होतं.

लेक : बाबा, सोडा परत आणण्यासाठी एवढी मोठी भट्टी उभी केली, कारण सोडा विकत घ्यावा लागतो. रोज सकाळी तुम्ही हिशेब मांडायचा, काल किती सोडा हरवला. बांबू किती हरवला, हा हिशेब कोणी मांडला? तो जंगलातून येत होता, लीजवर. टनामागे रॉयल्टी किती होती ते तुम्हीच हसून सांगायचा.

बाबा : कमी होती, हे मान्य. पण तोडीचे नियम होते. नवे कोंब आणि वर्षाचा बांबू तोडायचा नाही, रांजीत ठरावीक जुने ठेवायचे, तीन-चार वर्षांनी परत त्या कूपात, म्हणजे तोडीच्या पट्ट्यात, यायचं. कागदावर चोख होतं.

लेक : कागदावर. कर्नाटकात सत्तरच्या दशकात काय झालं ते सांगते. बुरुडांनी ओरड केली की बांबू संपत चालला. सरकारने पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना पाहायला सांगितलं. दांडेलीच्या मिलसाठी तोड चालायची तिथे काटेरी बांबू. तोडीआधी बुंध्याभोवतीचं काट्यांचं जाळं साफ करायचे, रांजी मोकळी झाली की कोंब जास्त येतात म्हणून. गावातली माणसं म्हणायची, काटे काढू नका. कोणी ऐकत नव्हतं. गाडगीळांनी जंगलात जाऊन पाहिलं तर गावकरी बरोबर होते. काटे गेले की कोवळा कोंब उघडा पडतो, गुरं आणि रानातली जनावरं तो खाऊन टाकतात. काट्यांच्या आत तो सुरक्षित वाढतो. तुमच्या डायजेस्टरवर पंधरा मिनिटांची चूक दुसऱ्या दिवशी कळायची. ही चूक वर्षानुवर्षं कोणाला कळली नाही, कारण ज्यांना कळत होती त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

बाबा : फोरमनला विचारायला हवं होतं.

लेक : हो. जंगलातल्या फोरमनला. आणि बुरूड घ्या. त्याला हिरवा बांबू लागतो. वाळला की कामट्या वळत नाहीत, मोडतात. मिलला वाळलेला चालतो. म्हणजे दोघांना एकच बांबू हवा असं मुळात नव्हतंच. पण ट्रक आला की हिरवा-वाळका सगळा जायचा. मागे राहायचा निस्तार डेपो, म्हणजे गावाच्या गरजेपुरता माल देणारा सरकारी डेपो, आणि तिथली रांग. सूप, टोपली, कणगी करणारा माणूस जंगलाच्या कडेला राहून बांबूसाठी रांगेत. पावसाळ्यात आपल्याकडे वास्त्यांची भाजी करतात, तेवढे कोंब घरी आणले तरी गार्ड अडवायचा. रांजीशेजारी राहणाऱ्याने चोरी केली, आणि ट्रकभर नेलं तर उद्योग.

बाबा : थांब. आता माझं ऐक. मी चौथीपर्यंत पाटीवर लिहिलं. वही मिळाली ती थोरल्या भावाची, मागची कोरी पानं. आमच्या गावात पुस्तक एकच, मास्तरांजवळचं. आज तुझ्या त्याच बुरुडाची पोरगी सहा विषयांच्या सहा वह्या घेऊन शाळेत जाते. त्या वह्या कुठून आल्या? कोणी तरी बांबू शिजवला म्हणून आल्या. टोपलीही हवी, वहीही हवी. वहीला कमी लेखू नको.

लेक : वहीला नाही कमी लेखत. वहीची किंमत कोणी भरली ते विचारते.

मला इथे राहवलं नाही. मी हातकागदाची बाजू मांडली. जुन्नरला कागद होत होता, दौलताबादजवळचं कागजीपुरा तर नावातच कागद घेऊन बसलंय. चिंध्या, जुने दोर यांचा लगदा हाताने उचलायचा, खळ द्यायची, दगडाने घोटायचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद दोन-अडीचशे वर्षांनी उलगडले तरी घडीवर तुटत नाहीत. उलट मी शाळेत वाचलेली पुस्तकं आज उघडली तर पान हातात चुरा होऊन येतं.

बाबा : त्याची दोन कारणं. चिंध्यांत लिग्निन नसतंच, कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. नोटेचा कागद आजही कापसाचाच असतो. दुसरं म्हणजे शाई पसरू नये म्हणून गिरणीच्या कागदाला राळ आणि तुरटी द्यायचे. तुरटीतलं आम्ल वर्षानुवर्षं तंतू खात राहतं. तुमची पुस्तकं त्याने गेली. आता बिनआम्लाची रीत आहे, भरणीला खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट घालतात. हा वहीचा कागद नातीच्या नातीपर्यंत राहील. पण चिंध्या आणाल किती? युरोपात एकोणिसाव्या शतकात चिंध्या पुरेनात म्हणूनच लाकडाकडे वळले. आणि हाताने उचलणार किती? १७९९ साली फ्रान्समधे लुई-निकोला रोबेर यांनी फिरत्या जाळीच्या यंत्राचं पेटंट घेतलं, पुढे इंग्लंडमधे फूर्द्रिनिए बंधूंनी त्यावर पैसा लावला. ती फिरती जाळी, ज्याला आम्ही वायर म्हणतो, ती अजून फिरते आहे.

लेक : पण त्या लगद्याचा कागद धरतो कसा? लिग्निनचा डिंक तर काढून टाकला.

हा प्रश्न ऐकून बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी खिडकीतलं तेच वर्तमानपत्र घेतलं आणि उभं फाडलं. सरळ रेघेत टर्रकन फाटलं. मग आडवं फाडलं. फाट दोन बोटं गेली आणि वाकडी होऊन भरकटली.

बाबा : तंतू वायरच्या धावेबरोबर रांगेत बसतात, म्हणून एका बाजूने सरळ फाटतं. आता हे पाहा. (एक तुकडा पाण्यात बुडवून त्यांनी दोन बोटांनी सहज वेगळा केला.) डिंक असता तर असा सुटला नसता. तंतू तंतूला पाण्याने जोडला जातो. लगदा वायरवर येतो तेव्हा हजार लिटर पाण्यात पाच-सात किलो तंतू असतात. पाणी गळतं, मग प्रेसमधे पिळलं जातं, मग वाफेच्या गरम रुळांवर वाळतं. जसजसं पाणी जातं तसतसे तंतू जवळ ओढले जातात आणि हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकांना धरतात. परत पाणी मिळालं की बंध सुटतात. म्हणून रद्दीचा परत लगदा करता येतो.

लेक : मग वायरवर यायच्या आधी लगद्याची कुटाई कशाला?

बाबा : तंतू जसाच्या तसा लावला तर टीपकागद होतो, मऊ, शोषणारा. कुटला की त्याची साल पिंजारते, त्याला रोम फुटतात, मग जास्त ठिकाणी धरतो. जास्त कुटला तर ट्रेसिंग पेपर. एकाच लगद्याचे एवढे प्रकार, फरक कुटाईचा. डायजेस्टरवाले आम्ही स्वतःला मोठे समजायचो, पण कागद घडतो तो कुटाईत.

ब्लीचिंगबद्दल दोघांचं फारसं भांडण झालं नाही. लगदा पांढरा करायला पूर्वी क्लोरीन वायू वापरत. त्या सांडपाण्यात डायॉक्सिनसारखी विषं सापडल्यावर, ऐंशीच्या दशकापासून, जग क्लोरीन डायॉक्साइड आणि ऑक्सिजनकडे वळलं. बाबांच्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. पाण्याचंही तेच. त्या काळी जुन्या मोठ्या गिरण्यांना टनभर कागदाला दीड-दोनशे घनमीटर पाणी लागायचं, आज चांगली गिरणी पन्नासाच्या आसपास भागवते. वर्तुळात जेवढं पाणी फिरवाल तेवढी नदी वाचते, हे ते बोट आपटून सांगत होते. एवढी पांढरी वही मुलांना हवीच कशाला, असं लेक म्हणाली, आणि मला ते पटलं. किंचित पिवळसर कागदावर डोळा जास्त वेळ टिकतो, हा माझा धंद्यातला अनुभव.

बाबा : आणि आता मिलचं जंगलावर पूर्वीसारखं पोट नाही. १९८८ च्या वननीतीने सांगितलं की कारखान्यांनी कच्चा माल शेतकऱ्यांकडून उभा करून घ्यावा. आता सुबाभूळ, निलगिरी, सुरू शेतात लावतात. देशातला बहुतेक कागद तर रद्दीतून होतो. तमिळनाडूत उसाच्या चिपाडाचा होतो. फक्त रद्दीचा तंतू दर फेरीला आखूड आणि ताठर होत जातो, पाच-सात वेळांनंतर चाळणीतून गळून जातो. नवा तंतू थोडा तरी घालावाच लागतो.

लेक : शेतकऱ्याला दर ठरवता येतो म्हणून तिथे निदान घासाघीस होते. जंगलात ती २०११ पर्यंत नव्हतीच. कायद्यात तर बांबू झाड की गवत हाच गोंधळ होता. वनहक्क कायद्याने २००६ साली त्याला गौण वनोपज म्हटलं, तरी वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात. आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मधे सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू विकायला परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देशातलं पहिलं गाव. त्यानंतर बांबूचा हिशेब रांजीपाशी सुरू झाला. किती तोडायचा, कुठला ठेवायचा, कुणाला विकायचा, पैसा कशावर घालायचा, हे गाव ठरवतं. तुमच्या रिकव्हरीएवढीच मोठी गोष्ट आहे ती, बाबा.

बाबा : मोठी आहे. पण मला एक सांग. तुम्ही विकता कसे, नगावर की टनावर?

लेक : लांब बांबू नगावर. कागदाला जाणारा टनावर.

बाबा : काट्यावरच्या टनावर?

लेक : हो. दुसरा कुठला असतो?

बाबा : काऊन, तुला कोणी सांगितलंच नाही? मिल कधी काट्यावरचा टन मोजत नाही. मिल कोरडा टन मोजते. गेटवर ट्रक आला की आम्ही वेगवेगळ्या बंडलांतून तुकडे काढायचो, लगेच तोलायचो, १०५ डिग्रीच्या भट्टीत ठेवायचो. वजन कमी व्हायचं थांबलं की परत तोलायचं. गेलं ते पाणी, उरला तो बांबू. आण तो कागद.

नातीच्या नव्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने आकडे मांडले. ताजा तोडलेला बांबू, काट्यावर दहा टन, त्यात शेकडा ४५ भाग पाणी. म्हणजे खरा कोरडा बांबू साडेपाच टन. तोच बांबू डेपोत उन्हात पडून राहिला आणि पाणी २० टक्क्यांवर आलं, तर काट्यावर भरतो पावणेसात टनांच्या थोडा वर. बांबू तोच, मजुरी तीच, कागदही तेवढाच होणार. काट्यावर मात्र तीन टन गायब.

लेक बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली.

लेक : मागच्या हंगामात आमच्या एका गावाचा माल ठेकेदाराने तीन महिने उचलला नव्हता. आम्हाला वाटलं, ट्रक मिळत नसतील.

बाबा : मिळत नसतीलही. पण उशीर झाल्याने त्याचं नुकसान काही झालं नाही, तुमचं झालं. पुढच्या तोडीला मला घेऊन चल. पाहून देतो.

पुढच्या तोडीला ते दोघं बरोबर जाणार आहेत, असं त्यांनी मला निघताना सांगितलं. बाबांनी जुन्या ओळखीतून लॅबचा एक तराजूही मिळवला आहे. बांबू टनावर विकणाऱ्या प्रत्येक ग्रामसभेला माझी हात जोडून विनंती आहे. करारात दर कोरड्या टनाचा लिहून घ्या, ओलावा कोण आणि कुठे तपासणार ते लिहून घ्या, आणि उचलीची शेवटची तारीख लिहून घ्या. ते जमणार नसेल तर तोडलेला बांबू ताजा असतानाच, आपल्या माणसांसमोर, काट्यावर चढवा.